डॉक्टर झाली आन म्हणते शिकवाचं हाय

बाभुळगाव तालुक्यातून एका भाऊंचं पत्र आलंय. पाठपोट दोन पानं आहेत, मधेमधे पेन चालला नाही तिथे पुन्हा गिरवलंय, रागाच्या जागी जरा जास्तच. सगळं देत नाही, मुद्द्याचं देते:

"बाई नमस्कार. माही पोरगी यंदा एमडी मेडिसिन झाली. बारावीच्या क्लाससाठी एक एकर वावर इकलं, सोसायटीचं कर्ज अजून डोक्यावर हाय. नागपूरच्या एका मोठ्या प्रायव्हेट दवाखान्यानं दोन लाख महिना देतो म्हणून सांगतलं. तर पोट्टी म्हणते मले मेडिकल कॉलेजात शिकवाचं हाय. आता तुमीच सांगा, मास्तरकीच कराची होती तर डीएड केलं असतं, दहा वर्सं काहाले घातले? मोठमोठे डॉक्टर कोनी मास्तरकी करते काय? गावातले लोक हसून राहिले. एक महिना झाला मी तिच्याशी बोललो नाही. बीपी वाढला, गोळी अर्धी अर्धी करून खातो. तुमीच तिले समजावा."

भाऊ, नमस्कार. पहिले एक सांगून टाकते, ज्या बाईला तुम्ही हे लिहिलं ती तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. डीएडच. त्यामुळे तुमचं ते वाक्य मी दोनदा वाचलं, पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. माझा बापही असाच बोलायचा, फक्त माझ्यासाठी त्यानं वावर विकलं नव्हतं, तुम्ही विकलं, म्हणून तुम्हाला रागवायचा हक्क जरा जास्त आहे हे मान्य.

पण पोरीला समजावायचं म्हणाल तर ते माझ्यानं होणार नाही. का, ते सांगते.

२०१४ ची गोष्ट. आमच्या ह्यांना दम लागायला लागला. रात्री आडवं झोपवेना, उशांवर उशा रचून बसून झोपायचे, पाय सुजून चप्पल जाईना. शहरातल्या एका दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही, चकाचक फरशी, लिफ्ट, सगळं. अशक्तपणा आहे म्हणाले आणि दोन दिवस सलाईनवर सलाईन. दम कमी व्हायचा तर वाढतच गेला. तिसऱ्या दिवशी मी भांडून सुट्टी घेतली आणि घरी आणता आणता वाटेतच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गाडी घातली कारण रस्त्यातच जातात की काय असं वाटायला लागलं. तिथे एक पोरगी ड्यूटीवर होती, तुमच्या पोरीएवढीच असेल, केसाला रबर, पायात स्लीपर. तिनं ह्यांना जरा मागे टेकवून बसवलं आणि ह्यांची मान एका बाजूला वळवून मानेवरच्या शिरेकडे नुसती पाहत राहिली. मला वाटलं ही काय पाहून राहिली बाप्पा, माणूस मरून राहिला इथे. मग तिनं नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला, तर तिथे खड्डा. कणकेत बोट रुतवावं तसा, भरून येईचना. म्हणाली, आजी, सलाईन किती दिलं? मी सांगितलं. तिनं डोक्यालाच हात लावला. हृदयाला पाणी झेपत नाही आणि तुम्ही पाणीच भरत गेले, म्हणाली. लघवीचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि पहाटे चार वाजता हे कुशीवर वळून घोरायला लागले. त्या घोरण्याचा मला जन्मात पहिल्यांदा राग आला नाही.

सकाळी मी तिला चहा दिला आणि विचारलं, तुला कसं कळलं गं, मशीन ना फोटो ना काही. तर म्हणाली, आमचे सर मशीनला हात लावू द्यायचे नाहीत पहिले, डोळ्यानं पाहा, बोटानं पाहा, मग कानानं, मग सांगा काय वाटते, चुकलं तर त्याच पेशंटसमोर पुन्हा करायला लावायचे.

त्या सरांचं नाव मी विचारलं नाही, आता वाटतं विचारायला पाहिजे होतं. हे त्यानंतर सहा वर्षं जगले. नातवाचं बारसं पाहिलं, एकदा पंढरपूरला जाऊन आले. त्यांना वाचवणारी ती पोरगी खरीच, पण कुठल्यातरी वॉर्डात दहा वर्षांआधी एक माणूस दहा पोरांना घेऊन उभा होता आणि अंगठा कुठे, किती वेळ दाबायचा ते दाखवत होता, तो नसता तर? तुमच्या पोरीला तो माणूस व्हायचं आहे, भाऊ. मी तिला कोणत्या तोंडानं समजावू?

बरं, आता तुमचा दुसरा प्रश्न, मोठमोठे डॉक्टर कोणी मास्तरकी करते काय. तुमच्याकडून वर्धा काही फार लांब नाही, आणि वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. तिथला कस्तुरबा दवाखाना तुम्हाला माहीत असणारच, आपल्या भागातला कोण माणूस तिथे गेला नसेल, स्वतः नाही तर डबा घेऊन तरी. त्या दवाखान्याची आणि त्याच्या मेडिकल कॉलेजची उभारणी केली डॉ. सुशीला नायर यांनी, तिथले जुने लोक अजून त्यांना बडी बहनजी म्हणतात. ह्या बाई इकडच्या नाहीत. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातलं कुंजाह गाव, आता पाकिस्तानात आहे, तिथे २६ डिसेंबर १९१४ चा जन्म (गुजरात जिल्हा बरं का, राज्य नाही, माझा पहिले तोच घोटाळा झाला होता). वडील लहानपणीच गेले. मोठा भाऊ प्यारेलाल लाहोरला एमए करत होता, असहकार सुरू झाला तसा शिक्षण सोडून गांधीजींकडे गेला, पुढे त्यांचा सेक्रेटरीच झाला. आता त्या आईचा विचार करा. नवरा नाही, शिकलेला पोरगा हाताशी येतो म्हणता म्हणता गेला. ती तुमच्यासारखी अबोला धरून नाही बसली, सरळ गांधीजींकडे गेली आणि म्हणाली माझा पोरगा परत द्या. पोरगा काही परत आला नाही, आणि पुढे पोरगीही त्याच रस्त्यानं गेली.

ती दिल्लीला लेडी हार्डिंग कॉलेजात डॉक्टर झाली, एमडीपण तिथलंच. १९३९ मध्ये भावाजवळ सेवाग्रामला आली तेव्हा वय चोवीस-पंचवीस. आणि आली तर इकडे वर्ध्याच्या भागात कॉलरा सुरू. तेव्हाचा कॉलरा म्हणजे काय ते तुमच्या आजीला विचारलं असतं तर कळलं असतं, सकाळी परसाकडे गेलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर. ती साथ ह्या पोरीनं जवळजवळ एकटीनं सांभाळली. मग गांधीजींची तब्येत पाहायचं कामच तिच्याकडे आलं, आणि त्याला आशीर्वाद कोणाचा तर डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा, ज्यांच्या नावानं १ जुलैला डॉक्टर्स डे असतो. ते रॉय साहेबही कलकत्त्याच्या मेडिकल शाळा-कॉलेजांत शिकवत होते, बंगालचे मुख्यमंत्री फार नंतर झाले. म्हणजे तुमच्या प्रश्नाला एकाच दमात दोन उत्तरं झाली पहा.

१९४२ ला चले जाव. पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर तीही कैदेत. तिथे आठवडाही झाला नाही तर १५ ऑगस्टला गांधीजींचे जुने सेक्रेटरी महादेवभाई देसाई अचानक गेले, तिच्या डोळ्यांदेखत. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. डॉक्टर म्हणून हात जोडून उभं राहावं लागणं काय असतं ते तिला तिशीच्या आतच कळलं होतं. सुटल्यावर त्याच वर्षी तिनं सेवाग्रामला छोटासा दवाखाना टाकला, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून इतकी गर्दी व्हायला लागली की आश्रमाच्या शांततेलाच अडचण झाली, मग तो बिर्लांनी दिलेल्या अतिथीगृहात हलवला, तोच पुढे कस्तुरबा दवाखाना.

गांधीजी गेल्यावर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन तिनं सार्वजनिक आरोग्याच्या डिग्र्या घेतल्या. १९५० ला परत, फरीदाबादला टीबीचा दवाखाना, मग दिल्ली राज्याची आरोग्यमंत्री, मग झाशीहून खासदार, आणि १९६२ ते १९६७ देशाची आरोग्यमंत्री. आता इथे थांबा जरा. देशाचं आरोग्य खातं चालवलेली बाई. तिला दिल्लीत बंगला घेऊन आरामात बसता आलं असतं, दहा समित्यांवर नाव लागलं असतं. तिनं काय केलं तर १९६९ ला, गांधींच्या शताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामात मेडिकल कॉलेज काढलं. खेड्यात. तेव्हा लोक म्हणाले असतीलच, नागपूरला मेडिकल असताना ह्या पऱ्हाटीच्या वावरात कोण शिकायला येईल आणि कोण शिकवायला. देशात खेड्यात निघालेलं ते पहिलं मेडिकल कॉलेज. ३ जानेवारी २००१ ला गेल्या त्या, शेवटपर्यंत जीव त्या कॉलेजातच. तुमच्या भाषेत सांगायचं तर मंत्रिपद पाहून झाल्यावर बाईनं मास्तरकीचं दुकान टाकलं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही हो. पोरांनी खादीच घालायची, श्रमदान करायचंच, शुक्रवारी प्रार्थनेला बसायचंच, अठरा वर्षांच्या पोरांवर इतकी सक्ती केली की ती पोरं एक तर ढोंगी होतात नाही तर पळवाटा शोधतात, हे मी शाळेत पाहिलंय. पण एक गोष्ट त्यांनी अशी केली की तिला तोड नाही, आणि ती मी स्वतः पाहिली.

मी १९८४ ला नोकरीला लागले ते सेवाग्रामच्या जवळच्याच एका गावात. त्या कॉलेजची पद्धत अशी की नवीन आलेली पोरं पहिले पंधरा दिवस आश्रमात, आणि मग प्रत्येक बॅचला एक गाव. त्या गावात पंधरा दिवस राहायचं, एकेका पोराकडे चार-पाच घरं, त्या घरातलं प्रत्येक माणूस त्यानं सांभाळायचं, शिबिर संपल्यावरही दर महिन्याला यायचं. आमच्या गावात बॅच आली तर मुक्काम आमच्याच शाळेत, वर्गात सतरंज्या टाकून. त्यात उत्तरेकडची एक पोरगी होती. मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि तिच्या वाट्याला आली आमची धुरपताआजी, जी हिंदी बोलायची म्हणजे मराठीच मोठ्यानं बोलायची. पोरगी विचारते क्या तकलीफ है, आजी म्हणते आंगात कणकण हाय, जीव घाबरा घाबरा होते, पोटात कळ मारते, डोयापुढं अंधारी येते. पोरीनं ते सगळं वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळी माझ्याकडे आली, मॅडम, कणकण मतलब? मी सांगितलं. कळ मारणं आणि दुखणं ह्यात फरक काय? आता तो फरक सांगताना मलाच घाम फुटला, शेवटी आजीकडेच नेलं, आजीनं पोटाला हात लावून दाखवलं, हे दुखनं, आन हे पिळल्यावानी येते आन जाते ते कळ. पोरगी शिबिर संपून गेली तेव्हा तिच्या वहीत चार पानं भरली होती नुसत्या अशा शब्दांची, प्रत्येकापुढे हिंदीत अर्थ. आजी अंगठाबहाद्दर, पण ती अख्ख्या गावाला सांगत फिरायची की म्या डाक्टरनीले शिकवलं.

त्याच कॉलेजात डॉ. उल्हास जाजू मेडिसिन शिकवायचे, म्हणजे तुमच्या पोरीचाच विषय. त्यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला तो पैशावर नाही तर ज्वारीवर. ज्वारी घरात आली की ज्याची जेवढी ऐपत तेवढी ज्वारी जमा करायची आणि वर्षभर दवाखान्याचा आधार. दिवाळीआधी शेतकऱ्याच्या खिशात पैसा नसतो पण सुगीला कणगीत ज्वारी असते, हे कळायला गावात चपला झिजवाव्या लागतात. आणि हे करणारा माणूस पेशानं मास्तरच होता.

झालं माझं पुराण. आता तुमचं कर्ज.

कारण एवढं सगळं सांगून मी तुम्हाला म्हटलं की पोरीला करू द्या तिचं, तर तुम्ही म्हणाल बाईचं काय जाते, हप्ता मला भरायचा आहे. बरोबर आहे. बहनजींच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा नव्हता. त्यांनी लग्न केलं नाही, घर आश्रमातच, त्यांची बरोबरी तुमच्या पोरीशी होऊच शकत नाही आणि करूही नये. शिकवण्यात प्रायव्हेटएवढा पैसा नाही, हे मी लपवत नाही. पण तुम्ही समजता तशी ती भिकेची नोकरीही नाही. एमडी झाल्यावर एक वर्ष सिनियर रेसिडेंट, म्हणजे कॉलेजच्या दवाखान्यातला वरिष्ठ निवासी डॉक्टर, त्याचाही पगार असतो, मग सहायक प्राध्यापक. पहिले पहिले बहुतेक कंत्राटी मिळते, कायमची पाहिजे तर एमपीएससीतून यावं लागते, आणि जागा कधी निघेल त्याचा भरवसा नाही, निघाली तर बदली कुठे होईल त्याचा नाही. ह्याची तिला कल्पना आहे का ते विचारा. दुसरीकडून पाहिलं तर २०२४ मध्ये आपल्या विदर्भात अमरावती, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली एवढ्या ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, यवतमाळचं तर आधीपासून आहेच. भिंती उभ्या राहतील हो, पण शिकवायला माणूस नसेल तर तिथून निघणारी पोरं तुमच्या-माझ्या नडगीवर अंगठा दाबतील की सलाईन लावतील?

आणि तो दोन लाखवाला दवाखाना. तिथेही अटी असतील. किती तास, नाईट किती, पेशंट किती भरती झाले पाहिजेत ह्याचं काही वरून येते का, हे तिला विचारलं का तुम्ही? की दोन लाख ऐकले आणि पुढचं ऐकूच आलं नाही? कदाचित ती जागा चांगलीही असेल, मला माहीत नाही, पण तिनं नाही म्हटलं तर काही पाहूनच म्हटलं असेल.

मी काय करीन सांगते. एक कागद घ्या, त्यावर सोसायटीचं किती, सावकाराचं किती (आहे ना? पत्रात नाही लिहिलं पण एक एकरात क्लास, होस्टेल आणि मेस बसत नाही, मला हिशोब येतो), कोणता हप्ता कधी, सगळं लिहा आणि तो कागद पोरीपुढे ठेवा. महिनाभर तोंड फिरवून बसण्यापेक्षा ते बरं. आपल्याकडे पोरांना कर्ज कळू देत नाहीत आणि मग पोरांनी कर्जाचा विचार केला नाही म्हणून रागावतात, ही आपली जुनीच खोड. ती हुशार आहे, तिला कागद पाहून कळेल. कदाचित म्हणेल दर महिन्याला इतके मी टाकते, किंवा म्हणेल पहिले दोन वर्षं प्रायव्हेट करते, कर्ज फेडते, मग शिकवायला जाते. काय ते तिला ठरवू द्या, पण आकडा पाहून ठरवू द्या. आणि सावकाराचं पहिले फेडा, सोसायटी नंतर.

गावातल्या लोकांचं मनावर घेऊ नका. जे आज हसून राहिले तेच उद्या रात्री दोन वाजता फोन करतील, भाऊ, बाबाले मेडिकलला भरती केलं, पोरीले सांगा ना जरा पाहाले. तेव्हा कोणी विचारणार नाही की ती मास्तरकी करते की प्रॅक्टिस.

एखाद्या दिवशी तिला घेऊन सेवाग्रामला जाऊन या. बापूकुटी पाहा, मग दवाखान्याच्या ओपीडीत नुसतं अर्धा तास बाकड्यावर बसा. सीतादहीची पूजा झाली की कापूस वेचणीच्या गडबडीत तुम्हाला सवड होणार नाही, त्याच्या आत जा.

आणि ती गोळी. भाऊ, बीपीची गोळी अर्धी करून कोण खाते? कोणी सांगितलं? काही गोळ्या तर तोडायच्याच नसतात, आणि राग आला म्हणून डोस कमी करायचा ही कोणती रीत? घरात एमडी मेडिसिन बसली आहे आणि बाप स्वतःच्या मनानं गोळीचे तुकडे करून राहिला. महिनाभर बोलणं बंद आहे, आता सुरू कसं करायचं हा तुमचा खरा प्रश्न आहे, पत्रात तो लिहिला नाही तरी मला दिसला. तर आज संध्याकाळी तिला फोन लावा. मास्तरकीचं काढू नका, कर्जाचं काढू नका. गोळीचं पाकीट हातात घ्या, चष्मा लावा, त्याच्यावरचं नाव एक एक अक्षर वाचून दाखवा आणि विचारा, बाई, हे अर्धी चालते का पूर्ण?

ती ओरडेल. ओरडू द्या.